हेस्परॉर्निसचं चित्र: आधी पाय काढा, दात नंतर

खडूचा थर

डायनासोरांच्या काळातल्या, न उडणाऱ्या आणि पाण्यात बुडी मारणाऱ्या पक्ष्यांची चित्रं आणि मातीच्या प्रतिकृती मराठीतही आता बऱ्याच दिसू लागल्या आहेत. त्यातला हेस्परॉर्निस बहुतेक वेळा एकाच पद्धतीने चुकतो. पेंग्विन घ्यायचा, मान लांब करायची, चोचीत पुढेपासून मागेपर्यंत दात बसवायचे आणि त्याला किनाऱ्यावर ताठ उभा करायचा. या चारही गोष्टी चूक आहेत आणि चारही चुका एकाच ठिकाणी सुरू होतात. काढणारा डोक्यापासून सुरुवात करतो. हा पक्षी कमरेपासून काढायचा असतो, कारण त्याचं सगळं शरीर पायांच्या कामासाठी घडलेलं आहे.

आधी ओळख. हेस्परॉर्निस म्हणजे 'पश्चिमेचा पक्षी'. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात स्मोकी हिल नदीच्या परिसरात, नायोब्रारा नावाच्या खडूच्या थरांत येल विद्यापीठातले जीवाश्म-अभ्यासक ओथनिएल मार्श यांना १८७१ मध्ये त्याचा बिनडोक्याचा सांगाडा मिळाला. १८७२ मध्ये त्यांनी हेस्परॉर्निस रीगॅलिस हे नाव दिलं. त्याच वर्षी येलच्या मोहिमेत आणखी चांगला नमुना मिळाला आणि दात असलेले जबडे हाती आले. लांबी चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत सुमारे १.८ मीटर. काळ सुमारे ८.३ ते ७.८ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या वेळी मेक्सिकोच्या आखातापासून आर्क्टिकपर्यंत उत्तर अमेरिकेच्या मधोमध उथळ समुद्र पसरलेला होता आणि आजचं कॅन्सस त्याच्या तळाशी होतं. खडू म्हणजे त्या समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांच्या चुनखडी कवचांचा गाळ.

आता शरीर. पंखाचं फक्त दंडाचं हाड उरलंय, तेही बारीक काडीसारखं. कोपराच्या पुढचं काही नाही. उडणाऱ्या पक्ष्यांच्या छातीच्या हाडावर जी उभी कड असते, जिला उडण्याचे स्नायू चिकटतात, ती इथे नाही. छातीचं हाड चपटं आणि रुंद आहे. इच्छाहाड म्हणतात ती दोन गळपट्टीची हाडंसुद्धा एकमेकांना जुळलेली नाहीत. पेंग्विनची गोष्ट उलटी. तो पाण्यात पंखांनी 'उडतो', म्हणून त्याच्या छातीवर ती कड ठळक असते. म्हणजे पेंग्विनची छाती हेस्परॉर्निसला लावली की चित्र पहिल्याच रेषेला बिघडतं.

हाडांच्या भिंती जाड आहेत. उडणाऱ्या पक्ष्यांसारखी हवेच्या पोकळ्यांनी हलकी केलेली हाडं नाहीत. बुडी मारणाऱ्याला वजन हवं असतं, नाहीतर पाणी वर ढकलत राहतं आणि अर्धी ताकद खाली राहण्यातच जाते. म्हणून पाण्यावर तरंगताना दाखवला तर बदकासारखा उंच तरंगू देऊ नका. पाठ पाण्याला लागूनच दिसली पाहिजे.

पाय, दात, सांगाड्यांची विश्वासार्हता आणि प्रतिकृती बांधणं, चारही विषय या चर्चेच्या धाग्यात घेऊ. ज्यांना जे नीट माहीत आहे त्यांनी ते लिहावं.

मातकाम

उत्तम धागा. पायापासूनच विचारते. सांगाड्याच्या फोटोत मांडीचं हाड इतकं आखूड दिसतं की गुडघा कुठला आणि घोटा कुठला हेच कळत नाही. आणि गुडघ्याच्या वर जो शिंगासारखा उंचवटा आहे तो कशाचा भाग?

अस्थिरेखा

@मातकाम, बरोबर जागी बोट ठेवलंत. या प्राण्यात सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

वरून खाली जाऊ. कमरेचा सांगाडा लांब आणि अरुंद आहे. मांडीचं हाड जिथे बसतं त्या खोबणीच्या मागचा भाग फार लांबलेला आहे. त्या खोबणीतून मांडीचं हाड खाली जात नाही, बाहेरच्या बाजूला, जवळजवळ आडवं जातं. ते आखूड आणि दणकट आहे. त्याच्या टोकाला गुडघा. तिथून नडगी मागच्या दिशेला शरीराला समांतर जाते. नडगी मांडीच्या हाडाच्या जवळपास तिप्पट लांब. तिच्या मागच्या टोकाला घोटा आणि त्यापुढे पावलाचं लांब हाड, जे नडगीच्या निम्म्याहूनही कमी आहे.

तुम्ही म्हणता तो उंचवटा म्हणजे गुडघ्याची वाटी. हेस्परॉर्निसमध्ये ती मोठी, सुळक्यासारखी आहे. पाऊल मागे रेटणाऱ्या स्नायूंना लांब तरफ मिळावी म्हणून. आजच्या लून या बुडी मारणाऱ्या पक्ष्यामध्ये हेच काम नडगीच्या वरच्या टोकातून वाढलेला सुळका करतो आणि वाटी अगदीच लहान असते. ग्रीबमध्ये (आपली टिबुकली याच गटातली) दोन्हींची भागीदारी असते. एकाच गरजेला तीन वेगवेगळ्या वाटांनी दिलेली उत्तरं आहेत ही. नुसत्या गुडघ्यावरून लक्षात येतं की हे पक्षी एकमेकांचे जवळचे नातेवाईक नाहीत.

महत्त्वाचं म्हणजे हे सगळं बाहेरून दिसत नाही. मांडी, गुडघा आणि नडगीचा बहुतेक भाग लून आणि ग्रीबप्रमाणे अंगाच्या कातडीत गुंडाळलेला असणार. बाहेर येतं ते घोट्याच्या आसपासचं टोक आणि पाऊल, तेही शेपटीच्या जवळून. त्यामुळे पोटाच्या मध्यावर, बदकासारख्या जागी पाय काढले की चूक.

पावलाचं हाड बाजूंनी दाबलेलं, पात्यासारखं आहे. पाय पुढे आणताना पाण्याला कमीत कमी अडथळा व्हावा म्हणून. बोटं चार. पहिलं, मागचं, अगदी लहान. चौथं म्हणजे सगळ्यात बाहेरचं बोट सर्वांत मोठं आणि जाड. ते ज्यावर बसतं तो सांधाही बाकीच्यांहून ठळकपणे मोठा. आपल्या ओळखीच्या बहुतेक पक्ष्यांत मधलं, म्हणजे तिसरं बोट लांब असतं, म्हणून हात सवयीने तेच लांब काढतो. इथे तो मोह टाळा. शिवाय चौथ्या बोटाच्या पेरांचे सांधे एका बाजूला कललेले, खुंटी-खोबणीसारखे आहेत. पाय पुढे आणताना बोट वळून मिटतं, मागे रेटताना ताठ राहतं.

बोटांमध्ये बदकासारखा सलग पडदा काढायचा की ग्रीबसारखी सुट्या बोटांवरची पाकळ्यांसारखी पाती, यावर जुना वाद आहे. वळणारं बोट सलग पडद्यात बसत नाही. म्हणून पाकळ्याच काढा असं माझं स्पष्ट मत आहे.

तळ्याकाठी

अस्थिरेखा यांच्या प्रतिसादाला पूरक. हे नुसतं वाचून डोळ्यांसमोर येत नाही, पण जिवंत उदाहरण महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक तळ्यावर आहे: टिबुकली. ती ग्रीबच आहे, मुठीएवढी. दुर्बिणीतून तीन गोष्टी बघा.

पहिली, पाण्यावर असताना तिचे पाय कुठून निघतात. अगदी मागून, शेपटीच्या बुडाशी. दुसरी, बुडी मारतानाची उसळी. मानेपासून सुरू होऊन शरीर पुढे कलतं आणि दोन्ही पायांच्या एका रेट्यात पक्षी नाहीसा होतो. तिसरी, ती तरंगत्या घरट्यावर चढते तेव्हाची धडपड. पाय इतके मागे असल्यामुळे उभं राहून तोल साधणं कठीण जातं. छाती टेकवून, अंग रेटत ती वर येते.

पाणकावळ्याशी तुलना करताना मात्र जपून. तोही पायांनीच पोहतो, पण त्याचे पाय अंगाखाली येतात, म्हणून तो खडकावर ताठ उभा राहू शकतो. त्याच्या चारही बोटांना जोडणारा एकच पडदा असतो. गालापागोस बेटांवरचा न उडणारा पाणकावळा 'पंख गेले, पाय राहिले' या बाबतीत हेस्परॉर्निसचा उत्तम नमुना आहे. उभं राहण्याच्या बाबतीत नाही. पायांची ठेवण आणि न उडणं दोन्ही एकत्र बघायचं तर टिटिकाका सरोवरातला न उडणारा ग्रीब जास्त जवळचा. फक्त त्यालाही पंख आहेत, आखूड का असेनात.

मातकाम

मग किनाऱ्यावर दाखवायचाच नाही का? अंडी तर जमिनीवरच घालावी लागली असतील.

अस्थिरेखा

दाखवा, पण पोटावर. मांड्या बाहेरच्या बाजूला फाकलेल्या आहेत, पाय धडाखाली आणता येत नाहीत. त्यामुळे उभं राहून चालणं शक्य नव्हतं. पाय मागे रेटत, छाती घासत सरकणं एवढंच. पाण्यापासून फार दूर नेऊ नका. ओल्या वाळूत पोटाची रुंद पन्हळ आणि तिच्या दोन्ही बाजूंना पावलांचे ओरखडे दाखवलेत की चालण्याचा प्रश्न चित्रातच सुटतो.

ताठ उभ्या चित्रांचं मूळ मार्श यांच्या १८८० च्या मोठ्या ग्रंथात आहे. त्यातल्या पुनर्रचनेत पक्षी पायांवर उभा आहे. ग्रंथातलं हाडांचं वर्णन आजही उपयोगी पडतं इतकं बारकाईचं आहे, पण ती ठेवण मात्र पुढच्या पिढीतच मोडीत निघाली. मार्श त्याला पोहणारा मांसाहारी शहामृग म्हणत. कड नसलेली छाती पाहून शहामृग आठवणं समजू शकतं, पण उडणं सुटलं की ती कड अनेक गटांत वेगवेगळी नाहीशी होते. त्यावरून नातं ठरत नाही.

दंतकथा नव्हे

दातांबद्दल लिहितो, कारण चित्रात ते नेहमी नको तिथे असतात.

वरच्या जबड्याचं पुढचं टोक बिनदाताचं आहे. तिथे आजच्या पक्ष्यांसारखी शिंगी चोच होती. दात त्याच्या मागच्या हाडात, प्रत्येक बाजूला सुमारे १४. खालच्या जबड्यात मात्र जवळजवळ टोकापासून मागेपर्यंत, प्रत्येक बाजूला सुमारे ३३. म्हणजे चोच मिटली की पुढे वर शिंगी टोक आणि खाली दात अशी रचना येते. खालच्या जबड्याच्या दोन फाकी पुढे हाडाने जुळलेल्या नव्हत्या, त्यांच्यामध्ये एक छोटंसं वेगळं हाड होतं. दोन्ही फाकींच्या मध्यावर थोडा लवणारा सांधाही होता. पकडलेला मासा गिळताना जबडा पसरायला त्याचा उपयोग.

दात प्रत्येकी स्वतंत्र खोबणीत नाहीत. सगळे एका लांब पन्हळीत ओळीने बसलेले. त्याच खडूत सापडणाऱ्या, उडणाऱ्या इक्थिऑर्निसचे दात मात्र स्वतंत्र खोबणीत आहेत. मणक्यांतही असाच उलटसुलट फरक. हेस्परॉर्निसच्या मानेचे मणके आजच्या पक्ष्यांसारखे खोगिराच्या आकाराचे, तर इक्थिऑर्निसचे दोन्ही बाजूंनी खोलगट, माशासारखे. म्हणून तर त्याचं नाव 'मासा-पक्षी'. एकाचे दात जुन्या वळणाचे आणि मणके नव्या, दुसऱ्याचं नेमकं उलट. उत्क्रांतीत सगळे अवयव एका चालीने बदलत नाहीत याचं एवढं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

दाताचं टोक मागे वळलेलं, बूड फुगीर. नवा दात आतल्या बाजूने, जुन्याच्या मुळाशी तयार व्हायचा आणि जुन्याला ढकलायचा, सरपटणाऱ्या प्राण्यांसारखा. २०१६ मध्ये सिंक्रोट्रॉन या कणवेगवर्धक यंत्राच्या क्ष-किरणांनी या दोन्ही पक्ष्यांच्या दातांचा अभ्यास झाला. दातांवरचं लुकण (इनॅमल) खूप पातळ निघालं. हे दात चावण्याचे नाहीत, निसटता मासा धरून ठेवण्याचे. म्हणून मगरीसारखे बाहेर आलेले जाडजूड सुळे काढू नका.

दातांनी तेव्हाच्या अभ्यासकांनाही चकवलं होतं. इक्थिऑर्निसचा जबडा हाती आला तेव्हा मार्श यांनी तो एका छोट्या सरपटणाऱ्या प्राण्याचा ठरवून त्याला कोलोनोसॉरस असं वेगळं नाव देऊन टाकलं होतं. आणखी खडू खरवडल्यावर तो पक्ष्याचाच निघाला.

नवखा वाचक

माफ करा, कदाचित बाळबोध प्रश्न. हे पक्षी पेंग्विन किंवा टिबुकली यांचे पूर्वज म्हणायचे का? आणि आपल्याकडे डेक्कन ट्रॅपच्या खडकांत असं काही मिळू शकेल का?

खडूचा थर

प्रश्न अगदी योग्य आहे. पूर्वज नाहीत. आज जिवंत असलेले सगळे पक्षी, शहामृगापासून चिमणीपर्यंत, एका मोठ्या कुळात येतात. हेस्परॉर्निसचा गट त्या कुळाच्या बाहेर पण अगदी शेजारी आहे. बुडी मारण्यासाठीचं शरीर त्यांच्यात आणि ग्रीब-लूनमध्ये स्वतंत्रपणे घडलं. गुडघ्याच्या वाटीचं वर आलेलं उदाहरण त्याचाच पुरावा.

हा गट उत्तर गोलार्धात पसरलेला होता. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ मिळालेला एनालिऑर्निस सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचा आणि सगळ्यात जुन्यांपैकी. कॅन्ससमध्ये हेस्परॉर्निसबरोबर त्याहून लहान बॅप्टॉर्निस. त्याच्या पंखात कोपराच्या पुढची हाडं अजून शिल्लक आहेत, छोटी झालेली. रशियात व्होल्गोग्राडच्या परिसरात आणि स्वीडनमध्ये हेस्परॉर्निस रॉसिकस. जपानच्या होक्काइडोत चुपकाऑर्निस, ज्याचं वर्णन २०१७ मध्ये झालं. कॅनडाच्या आर्क्टिक बेटांवरही हाडं मिळाली आहेत. सगळे समुद्रातच राहत असंही नाही, ब्रोडाव्हिसची हाडं नद्यांच्या गाळात मिळतात.

भारताबद्दल. हेस्परॉर्निसच्या काळात भारत हे विषुववृत्ताच्या दक्षिणेला सरकत असलेलं बेट होतं आणि डेक्कन ट्रॅपचा मुख्य उद्रेक अजून दीड कोटी वर्षं पुढे होता. शिवाय ट्रॅप म्हणजे लाव्हा, त्यात हाडं टिकत नाहीत. दोन लाव्हा थरांच्या मधल्या गाळात जीवाश्म मिळतात, पण तो मुख्यतः तळ्यांचा आणि गोड्या पाण्याचा गाळ. त्या युगातला समुद्री गाळ बघायचा तर नर्मदेच्या खोऱ्यातले बाघचे थर किंवा तमिळनाडूतलं अरियलूर.

सह्याद्रीच्या दगडाशी या पक्ष्यांचा खरा संबंध येतो तो शेवटाशी. ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा गट संपला, मधेच विरळ होत नव्हे, तर अगदी सीमेपर्यंत टिकून. अशनीचा आघात मेक्सिकोत झाला आणि त्याच सुमाराला आपल्या पायाखालचा काळा दगड ओतला जात होता.

थर-दर-थर

सांगाड्यांवरून मापं घेणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना.

खडूतली हाडं वरच्या गाळाच्या भाराने चेपलेली असतात. प्टेरानोडॉनसारख्या उडणाऱ्या सरीसृपाच्या हाडाची भिंत जेमतेम मिलिमीटरभर, ती पुठ्ठ्यासारखी सपाट होते. हेस्परॉर्निसची हाडं भरीव असल्यामुळे आकार बराच टिकवतात. खडूत हाडाचा नुसता तुकडा दिसला तरी या फरकावरून पहिला अंदाज बांधता येतो. पण 'बराच' म्हणजे 'पूर्ण' नाही. पावलाचं हाड मुळातच बाजूंनी दाबलेलं आहे, त्यात गाळाने आणखी दाबलं तर ते खऱ्याहून पातळ दिसतं. ओळखायचं असं: मूळ आकारामुळे आलेला चपटेपणा दोन्ही पायांत सारखा असतो आणि सांध्यांच्या गोलाईला धक्का लागलेला नसतो. गाळाने चेपलेलं असेल तर लांबीच्या दिशेने तडे दिसतात, सांध्याचे कंगोरे तिरके होतात आणि डावं-उजवं जुळत नाही. म्हणून एका बाजूवरून मापं घेऊ नका, आणि जाडीपेक्षा लांबीवर विश्वास ठेवा.

याच कारणाने जातींची नावं फार वाढली. थोडं बारीक हाड, थोडं जाड हाड, की नवी जात. सगळ्यात मोठा गुंता ग्रॅसिलिस या जातीचा. कॅन्ससमधला एक सुंदर, लहानसर सांगाडा हेस्परॉर्निस ग्रॅसिलिस समजला गेला. त्याच्यातले फरक बघून १९०३ मध्ये लुकास यांनी ग्रॅसिलिससाठी हार्गेरिया हे नवं नाव काढलं. पण नाव चिकटतं ते ज्यावरून पहिल्यांदा दिलं त्या मूळ नमुन्याला, आणि ग्रॅसिलिसचा मूळ नमुना निघाला हेस्परॉर्निसचाच. तो सुंदर सांगाडा बिननावाचा राहिला, तो थेट १९८४ पर्यंत. तेव्हा लॅरी मार्टिन यांनी त्याला पॅराहेस्परॉर्निस म्हटलं. जुन्या पुस्तकांतून चित्र उचलताना 'ग्रॅसिलिस' दिसलं तर हे डोक्यात ठेवा, तो बहुधा पॅराहेस्परॉर्निस असेल.

तोच सांगाडा चित्रकारांना आणखी एका कारणाने मोलाचा. त्याच्यासोबत त्वचेचे ठसे आहेत. विलिस्टन यांनी १८९६ मध्ये त्यांचं वर्णन केलं. पावलाच्या हाडावर खवले आणि अंगावर मऊ, केसाळ वाटणारी पिसं. म्हणून गुळगुळीत सीलसारखी कातडी काढू नका.

मातकाम

आतापर्यंतचं वाचून १:६ प्रमाणाची प्रतिकृती अशी बांधता येते. त्यात कुठे फसतं तेही लिहिते.

लांबी ३० सेंटिमीटर येते. डोकं चार सेंटिमीटरच्या थोडं वर. मांडीचं हाड दीड, नडगी पाच, पावलाचं हाड सव्वादोन, अंदाजे. चौथं बोट पावलाच्या हाडाहून लांब ठेवा.

तारेचा सांगाडा आधी. कण्याला दोन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार, पायांना दीडची. पायांची तार कण्याला आडवी, अधिकच्या चिन्हासारखी बांधायची, मग गुडघ्यापाशी काटकोनात मागे वळवायची. नेहमीच्या पक्ष्यासारखी खाली वळवली की नंतर कितीही माती लावून उपयोग नाही, पक्षी उभाच राहणार. मानेत १७ मणके आहेत, तेव्हा वळण एका जागी मोडल्यासारखं नको, लांब इंग्रजी एससारखं सावकाश येऊ द्या.

शाडू वापरणार असाल तर इथेच फसतं. शाडू वाळताना आकसते, तार आकसत नाही. तडा नेमका मानेत आणि घोट्यात जातो, कारण तिथे थर पातळ. तीन उपाय एकत्र करा. धडाचा गाभा वर्तमानपत्राच्या घट्ट बोळ्याने भरा, म्हणजे मातीचा थर सगळीकडे सात-आठ मिलिमीटरच राहील. मातीत कागदाचा लगदा मिसळा, साधारण चार भाग मातीला एक भाग पिळलेला लगदा. आणि मान, पावलं, चोच मातीत करूच नका, एम-सीलमध्ये करा. ते मिसळल्यावर अर्ध्या तासाच्या आत आकार द्यावा लागतो, म्हणून एका वेळी सुपारीएवढंच कालवा. वाळवणं सावलीत, ओलं फडकं झाकून, पहिले दोन दिवस तरी. पंख्याखाली ठेवलं की बाहेरचं आधी आकसतं आणि पाठीवर जाळीदार तडे येतात.

बोटांच्या पाकळ्या जाड कागदाच्या कापून एम-सीलमध्ये दाबायच्या. दंडाची काडी वेगळी दाखवायची नाही, पिसांखाली झाकली जाते. बाजूला नुसता किंचित फुगवटा पुरे.

दात १:६ मध्ये मिलिमीटरच्या आतले होतात. करायला गेलं की हमखास मोठे होतात. चोच मिटलेली ठेवणं उत्तम. दात दाखवायचेच असतील तर डोकं वेगळं, खऱ्या मापाचं, २५ सेंटिमीटरचं करा.

दंतकथा नव्हे

+१, विशेषतः शेवटच्या वाक्याला.

तळ्याकाठी

पार्श्वभूमीबद्दल. बर्फ नको, तो काळ उबदार होता. आर्क्टिकमधली हाडं दाखवायची असतील तरी हिमनग नकोत. लांब संधिप्रकाश आणि किनाऱ्यालगत जंगल जास्त योग्य. टी. रेक्स मागे उभा करू नका, त्याचा काळ दीड कोटी वर्षांनी पुढचा.

सोबती भरपूर आहेत. वर इक्थिऑर्निस आणि प्टेरानोडॉन. पाण्यात एन्कोडस मासे. बॅप्टॉर्निसच्या सांगाड्यासोबत मिळालेल्या विष्ठेच्या जीवाश्मांत त्यांचीच हाडं निघाली, म्हणून त्या गटाच्या आहाराचा थेट पुरावा आहे तो. भक्षकांत टायलोसॉरस पहिला, मोसासॉर या समुद्री सरीसृपांच्या गटातला. साउथ डकोटात मिळालेल्या एका टायलोसॉरसच्या पोटात हेस्परॉर्निस, एक छोटा मोसासॉर, मासे आणि शार्क असं सगळं एकत्र होतं. दुसऱ्या एका हेस्परॉर्निसच्या पायाच्या हाडावर प्लेसिओसॉर या दुसऱ्या समुद्री सरीसृपाच्या दातांच्या खुणा आहेत, आणि जखम भरत आल्याचं दिसतं. पक्षी निसटला होता. हल्ल्याचं चित्र काढायचं तर हा प्रसंग घ्या. भक्षक मागून, पायाकडे. पाण्यात मागे पसरलेले पाय हाच शिकाऱ्याच्या तोंडाशी येणारा पहिला भाग.

थर-दर-थर

वयाबद्दल एक भर. पिल्लू आणि मोठा शेजारी दाखवताना मध्यम आकाराचे फार काढू नका. हाडांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर वाढ थांबल्याच्या रेघा दिसत नाहीत. म्हणजे वाढ वेगात आणि सलग झालेली. कॅन्सस आणि आर्क्टिक दोन्हीकडच्या हाडांची तुलना २०१४ मध्ये झाली, तिथेही वाढीची पद्धत सारखीच निघाली.

नवखा वाचक

एवढ्या जुन्या पक्ष्याला तेव्हाच्या लोकांनी काय म्हटलं असेल याचं कुतूहल वाटतं. डार्विन तर तेव्हा हयात होते.

खडूचा थर

होते, आणि त्यांनी मार्श यांना १८८० च्या ऑगस्टमध्ये पत्र लिहिलं. त्या पत्राचा आशय असा की या जुन्या पक्ष्यांवरच्या आणि उत्तर अमेरिकेतल्या इतर जीवाश्मांवरच्या कामाने गेल्या वीस वर्षांत उत्क्रांतीच्या सिद्धांताला मिळालेला सर्वोत्तम आधार दिला आहे. सरीसृप आणि पक्षी यांच्यामधली कडी दातांसकट हाती आली होती. मात्र बारा वर्षांनी, १८९२ मध्ये, अमेरिकी काँग्रेसमध्ये भूगर्भ सर्वेक्षणाच्या खर्चावर टीका करताना याच 'दात असलेल्या पक्ष्यांच्या' ग्रंथाकडे बोट दाखवलं गेलं. त्या वर्षी सर्वेक्षणाचं अनुदान कापलं गेलं आणि मार्श यांचं तिथलं पद गेलं. ज्या ग्रंथाच्या आधारावर आपण आज नडगीची लांबी ठरवतोय, त्याची ही किंमत मोजली गेली होती.

मातकाम

शेपटीचं राहिलं. टोकदार करू की पंख्यासारखी?

अस्थिरेखा

दोन्ही नको. शेपटीत १२ मणके आहेत आणि मधल्या-मागच्या मणक्यांचे आडवे फाटे रुंद आहेत. म्हणजे शेपटी वरून-खालून चपटी, रुंद, आणि हालचाल मुख्यतः वर-खाली. बुडी मारताना आणि वर येताना दिशा द्यायला. तारेच्या टोकाला एम-सीलचा चपटा तुकडा लावा, धडाच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी, आणि पावलं तिच्या दोन्ही बाजूंना, किंचित खालच्या पातळीवर येऊ द्या. पावलं शेपटीच्या वर गेली तर गुडघ्यापाशी तार उलटी वळली आहे असं समजा आणि माती लावण्याआधीच सरळ करा.